बाईकच्या फेअरिंगच्या प्लास्टिक क्लिपा न तोडता कशा काढायच्या?

रेडिएटर साफ करायला यामाहा आर१५ची फेअरिंग, म्हणजे बाईकवरचं प्लास्टिकचं आवरण, घरीच उघडायची आहे, पण मागे एका गॅरेजमध्ये दोन क्लिपा आणि पॅनलचा एक कान (जोडणीसाठी बाहेर आलेला छोटा भाग) मोडून आला, म्हणून धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. काम अवघड नाही, घाईचं मात्र नाही.

आधी एक मनाशी पक्कं करा: जपायचं आहे ते पॅनल, क्लिप नव्हे. क्लिप किरकोळ पैशांत मिळते. कान मोडला तर रंग-स्टिकरसकट अख्खं पॅनल घ्यावं लागतं. त्यामुळे कुठे अडलंच तर क्लिपचा बळी द्या, पॅनलला हिसका देऊ नका.

क्लिपांभोवतीचा चिखल पहिल्यांदा धुऊन काढा. कोकणातला तांबडा चिखल पिनेच्या फटीत सुकला की सिमेंटसारखा बसतो, आणि मग बरोबर पद्धतीनेही क्लिप हलत नाही. साबणाचं कोमट पाणी सोडा, दहा मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात वापरू नका. फेअरिंग बहुतेक एबीएस प्लास्टिकची असते, आणि पेट्रोल लागलं की ताण असलेल्या जागी, म्हणजे नेमकं कानांच्या मुळाशी, बारीक तडे जातात.

आता टॉर्च मारून क्लिपचं डोकं बघा. मधोमध छोटी गोल पिन असेल, डोक्याच्या पातळीत किंवा किंचित खोलगट, तर ती आत दाबायची क्लिप. फेअरिंगवर हीच जास्त दिसते आणि तुटतेही हीच, कारण लोक दिसली की स्क्रूड्रायव्हर घालून डोकं उचकटतात. आत काय होतं ते कळलं की हात आपोआप हलका पडतो. क्लिपच्या पाकळ्या पॅनलच्या मागे फाकलेल्या असतात आणि मधली पिन त्यांना मिटू देत नाही. पिन साधारण २ मिलीमीटर आत ढकलली की तिचा जाड भाग पाकळ्यांच्या पुढे जातो, बोटाला हलकी ‘टक्’ जाणवते आणि पाकळ्या मिटतात. तिथेच थांबा. आणखी दाबलं तर पिन आरपार जाऊन फेअरिंगच्या पोटात पडेल. दाबायला २ किंवा २.५ मिलीमीटरची ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) उत्तम. टोकदार खिळा नको, तो घसरून रंगावर जातो. पिन आत गेली की नखाने किंवा प्लास्टिकच्या ट्रिम टूलने क्लिप सरळ बाहेर ओढा.

पिनेचं डोकं रुंद असेल आणि कडेला बारीक खाच असेल, तर हिशोब उलटा. खाचेत चपटं टोक घालून फक्त पिन वर उचलायची. ती पूर्ण सुटत नाही, वर येऊन अडते. मग अख्खी क्लिप काढायची. पिनेवर अधिकचं चिन्ह असेल तर ती उलटी फिरवत वर आणायची. प्लास्टिकचा आटा लवकर झिजतो, म्हणून फिरवताना जोर नको. जागच्या जागी गरगर फिरायला लागली तर पिनेखाली पातळ पातं सरकवून वर रेटा द्या आणि हळूच फिरवत राहा.

हे सगळं करूनही निघत नसेल तर कटरने डोकं छाटा आणि उरलेला भाग मागे ढकला. रंगीत भागावर आजूबाजूला मास्किंग टेप लावून घ्या.

क्लिपा आणि बोल्ट निघाले म्हणजे पॅनल सुटलं असं नाही. बऱ्याच पॅनलना मागून खुंट्या असतात आणि त्या रबरी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकातल्या रबरी कडीत, बसलेल्या असतात. लांबचं टोक धरून ओढलं की खुंटी तिरकी होऊन मुळातून तुटते. खुंटीच्या अगदी शेजारी हात घालून सरळ रेषेत ओढा. काही ठिकाणी हुकासारखे कान असतात. तिथे पॅनल आधी पुढे किंवा मागे सरकवावं लागतं. अडतंय असं वाटलं तर ओढणं थांबवून एखादा बोल्ट राहिलाय का ते शोधा, बहुधा राहिलेलाच असतो. बोल्टांची लांबी वेगवेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर पॅनलचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा.

बसवताना जुन्या कडक झालेल्या क्लिपा थोडा वेळ गरम पाण्यात ठेवा. नायलॉन पाणी शोषून पुन्हा लवचीक होतं. दाबायच्या क्लिपची पिन मागून ढकलून डोक्याबाहेर आणा, क्लिप भोकात घाला, मग पिन डोक्याच्या पातळीपर्यंतच दाबा. ‘घट्ट बसू दे’ म्हणून आणखी एक दाब दिला की क्लिप परत उघडते आणि पुढच्या खड्ड्यात गळून पडते. सर्व्हिसिंगनंतर क्लिपा हरवतात त्या पुष्कळदा अशाच. ग्रोमेटला साबणाचं पाणी लावलं की खुंटी अलगद बसते.

नवीन क्लिप घेताना डोक्याचा आकार बघू नका, पॅनलचं भोक मोजा. ६ आणि ८ मिलीमीटर ही नेहमीची मापं. जुनी क्लिप दुकानात सोबत न्या, कारण पाकळ्यांची लांबीही जुळावी लागते.

आधीच तुटलेला कान ठेवलाय का? असेल तर पॅनलच्या आतल्या बाजूला ‘> <’ अशा दोन खुणांमध्ये कोरलेली अक्षरं वाचा, ती प्लास्टिकचा प्रकार सांगतात. एबीएस असेल तर तो ॲसिटोनने जोडता येतो: दोन्ही कडांना थोडं लावून, मऊ पडल्या की दाबून धरायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. फक्त रंगाच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नका. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर ॲसिटोन किंवा साधा गोंद धरत नाही. तिथे प्लास्टिक वेल्डिंग करणाऱ्याकडेच न्या.