ईएमटी, म्हणजे अँब्युलन्सवर तातडीचे उपचार देणारा तंत्रज्ञ, होऊन १०८ च्या गाडीवर जायचंय म्हणतोस, तर...

आधी एक समजून घे. महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तीच गाडीवर डॉक्टर ठेवून. गुजरातसारख्या राज्यांत मात्र त्या जागी ईएमटी असतो. इथे ती जागा डॉक्टरची, म्हणून खासगी हॉस्पिटलच्या कार्डिअ‍ॅक अँब्युलन्स आणि कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) हे पर्यायही डोक्यात ठेव.

कोर्सची जाहिरात बघून भुलू नकोस. थेट विचार, कॅज्युअल्टीत किती तास आणि गाडीवर किती? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर फी भरू नकोस. २०२१ च्या कायद्यानंतर या क्षेत्रासाठी राष्ट्रीय आयोग आलाय, तेव्हा कोर्सची मान्यताही तपासून घे.

सीपीआर (हृदय थांबलं की छाती दाबणं) पाठ असून भागत नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान पाच सेंटिमीटर खाली, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर यायला हवी. पुतळ्यावर दोन मिनिटं सलग करून बघ, खांदे बोलायला लागतात. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा तो उगीच नाही.

ड्युटीला चढलास की पहिला हात ऑक्सिजनच्या सिलिंडरला. व्हॉल्व उघडून काटा बघ. सिलिंडरची चावी जागेवर आहे ना, घशातला स्राव ओढणारं सक्शन मशीन चार्ज आहे ना, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो ना, हे स्वतः बघायचं. आधीच्या शिफ्टवाल्याच्या ‘सगळं ओके’वर सही करायची नाही, तो कितीही सज्जन असो.

आणि पाठ सांभाळ रे बाबा! चाळीच्या अरुंद जिन्यावरून पेशंट उतरवताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. उचलताना गुडघे वाकव, कंबर नाही.