ताईला विचारा: पोरीला राफ्टिंगला पाठवू का?

प्रश्न: ताई, मुलगी १९ची. एक पेपर गेला तर आठवडाभर खोलीबाहेर आली नाही. आता पावसात म्हादईत राफ्टिंगला जायचं म्हणते. पाठवू? – एक आई, डिचोली

उत्तर: पाठवा हो! फक्त लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघायला सांगा, कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, आणि पाण्यात पडलीच तर उभं राहायचं नाही, पाय दगडात अडकतो, पाठीवर तरंगत पाय पुढे ठेवायचे. अहो, आपल्या दिवाडीत बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या सहाजणी २०१७ला गोव्यातूनच निघाल्या, २५४ दिवसांनी जग फिरून आल्या, ही तर एका सकाळची गोष्ट! घरी आल्यावर लगेच 'काय शिकलीस' विचारू नका, गरम पेज द्या, बोलेल ती आपणच.