स्पेशल एज्युकेशनमधून कोचिंग आणि घोड्यांकडे: आधी तबेला, मग कोर्स

ताई, पत्र मिळालं. बरीच वर्षं स्पेशल एज्युकेटर म्हणून काम केलंत, मुलांवर जीव आहे पण रिपोर्ट आणि मीटिंगांनी पार दमलात, आता लाइफ कोचिंगचा कोर्स करून घोड्यांसोबत काम करायचंय आणि घरचे म्हणतायत चांगली नोकरी सोडून हे काय खूळ. खूळ वगैरे काही नाहीये, पण तुम्ही तीन-चार वेगवेगळी कामं एकाच पोत्यात भरलीयेत, ती आधी सुटी करू.

लाइफ कोच, म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःची वाट शोधू देणारा, असं म्हणवून घ्यायला बहुतेक देशांत लायसन्स लागत नाही. म्हणजे उद्या बोर्ड लावलात तरी कोणी अडवणार नाही, आणि म्हणूनच क्लायंट विचारणार की तुमच्याकडेच का यायचं. वीकेंडमध्ये सर्टिफाइड करतो म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. आयसीएफ ही १९९५ पासूनची कोच लोकांची आंतरराष्ट्रीय संस्था, तिच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला, किमान ६० तास ट्रेनिंग, १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, १० तास मेंटर कोचिंग (अनुभवी कोचकडून स्वतःच्या कोचिंगवर मार्गदर्शन) आणि वर परीक्षा लागते. करायचंच तर असं काहीतरी करा.

आता घोडे. हिप्पोथेरपी तुमच्यासाठी नाही, ती फिजिओ, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्टच करतात, घोड्याच्या चालीने बसणाऱ्याची कंबर जशी हलते ती जवळपास माणूस चालताना हलते तशीच, त्याचा ते उपयोग करून घेतात. ईगाला ही घोड्यांच्या मदतीने मानसोपचार करण्याची पद्धत शिकवणारी १९९९ ची संस्था, तिच्या पद्धतीत घोड्यावर बसतच नाहीत, सगळं जमिनीवरून, आणि मानसिक आरोग्यातला प्रोफेशनल आणि घोड्यांचा जाणकार असे दोघं मिळून सेशन घेतात. ट्रॉमा, डिप्रेशन हे सगळं तिकडचं, कोचने त्यात हात घालायचा नाही, थेरपिस्टकडे पाठवायचं. तुम्हाला सगळ्यात जवळचं पडेल ते अॅडॅप्टिव्ह रायडिंगचं, म्हणजे विशेष गरजा असलेल्यांना त्यांना जमेल तशी घोडेस्वारी शिकवण्याचं, इन्स्ट्रक्टर होणं. पाथ इंटरनॅशनल ही संस्था (१९६९ पासूनची) त्याचं सर्टिफिकेशन देते. डाउन सिंड्रोमच्या मुलाला घोड्यावर बसवण्याआधी मानेच्या वरच्या मणक्यांची डॉक्टरांकडून खात्री करावी लागते, फिट्स कंट्रोलमध्ये आहेत का ते विचारावं लागतं, हे नवख्याला शिकवावं लागतं, तुम्हाला मुलांच्या फाइली वाचून वाचून हे विचारायची सवयच असणार. न बोलणाऱ्या मुलाचं बिनसलंय हे हाताच्या हालचालीवरून तुम्ही ओळखता, तीच नजर कान मागे पाडून शेपूट झटकणाऱ्या घोड्यावर चालते.

पण तुमची एक सवय कोचिंगमध्ये आडवी येणार. समजा घोड्यासोबतच्या सेशनमध्ये क्लायंट त्याची दोरी धरून उभी आहे, घोडा पाय रोवून जागचा हलत नाही, दोरी ताणली गेलीय, तिचा चेहरा लाल. तुमच्यातली शाळेतली बाई लगेच म्हणणार, दोरी सैल सोडा, बाजूने चाला, शाब्बास. शाळेत ते बरोबरच होतं, तिथे काम तुकड्या-तुकड्याने पाडून देणं, वेळेवर प्रॉम्प्ट देणं हाच पगार होता, मुलाचं ध्येयसुद्धा बहुतेक वेळा तुम्हीच लिहायचात. इथे कोणाला लागायचा धोका नाही तोवर गप्प बसायचं आणि नंतर एवढंच विचारायचं की आत्ता काय झालं. चांगल्या शिक्षकांनाच हे सगळ्यात जड जातं असं माझं मत.

आणि घोडा म्हणजे चारशे-पाचशे किलोचा घाबरट प्राणी, अगदी मागे आणि नाकासमोर त्याला दिसत नाही, न सांगता मागून गेलात तर लाथ बसू शकते. व्हिडिओ बघून हे येत नाही, निदान वर्षभर खरारा करायचा, खुरं साफ करायची, चारा टाकायचा. स्वतःचा घोडा तर आत्ता अजिबात घेऊ नका, चारा, नालबंद, व्हेट आणि इन्शुरन्स मिळून क्लायंट यायच्या आधीच कंबरडं मोडतील.

एक मात्र विचारते, दमलात ते मुलांमुळे की कागदांमुळे? कागदांमुळे असेल तर स्वतःच्या धंद्यात बिलं, संमतीपत्रं, इन्शुरन्स सगळं तुमच्याच टेबलावर येणार, तेव्हा आधी जमल्यास नोकरीचे तास कमी करून बघा.

राजीनामा तूर्तास राहू दे. जवळच्या एखाद्या रायडिंग सेंटरवर सुट्टीच्या दिवशी साइड वॉकर म्हणून जा, म्हणजे घोड्यावरच्या मुलाला आधार देत बाजूने चालायचं, ते तुम्हाला पहिल्याच दिवशी जमेल. आणि तिथे विचारा की एखाद्या घोड्याचा मूड नसेल तर काय करता. त्याला विश्रांती देतो म्हणाले तर तिथेच टिका, चालवून घेतो म्हणाले तर दुसरं सेंटर शोधा. घरच्यांना काय सांगायचं म्हणून विचारलंत ना, सांगा की नोकरी सोडली नाहीये, फक्त सुट्टीच्या दिवशी लीद काढायला चाललेय.