कॉम्प्रेसरवरची स्प्रे गन रंग थुंकते आणि फवारा एका बाजूला वळतो. काय करावे आणि गनची निगा कशी राखावी?

पहिल्या कामाला फवारा छान पडला आणि दुसऱ्याच कामाला बिघडला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मधे गन कशी धुतली गेली, तिथेच शोध घ्यावा लागेल. मी लाकूड आणि पत्रा दोन्हीवर गनने रंग मारतो. ही दोन्ही दुखणी ओळखीची आहेत, पण त्यांची कारणं वेगळी.

आधी वळणारा फवारा. भिंतीला जाड कागद चिकटवा, गन 15 ते 20 सेंटीमीटरवर स्थिर धरा आणि ट्रिगर पूर्ण दाबून लगेच सोडा. निरोगी गनचा डाग उभा, लांबट आणि दोन्ही बाजूंनी सारखा पडतो. तुमचा बहुधा चंद्रकोरीसारखा वाकडा पडेल. आता एअर कॅप (गनच्या तोंडावरचं दोन शिंगांचं झाकण) 180 अंशांत फिरवा आणि पुन्हा मारा. कोर उलटी झाली तर घाण कॅपमध्ये आहे. होती तशीच राहिली तर नॉझलच्या (रंग जिथून बाहेर पडतो त्या भागाच्या) तोंडाशी किंवा नीडलच्या (ते तोंड उघड-बंद करणाऱ्या सुईच्या) टोकावर. कॅपच्या दोन शिंगांमधल्या बारीक भोकांतून येणारी हवा रंगाचा गोल झोत दोन्हीकडून चेपून पसरट करते. एका शिंगाचं भोक बुजलं की समोरची हवा झोताला बुजलेल्या बाजूकडे ढकलते. कॅप थिनरमध्ये भिजत घाला, मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिकने साफ करा. तार किंवा टाचणी अजिबात घालू नका, भोकाचा आकार जरा बिघडला तरी ती कॅप कायमची गेली.

थुंकण्याचं कारण म्हणजे रंगाच्या वाटेत शिरलेली हवा. ट्रिगर दाबल्यावर कपातल्या रंगात बुडबुडे उठत असतील तर नॉझल नीट घट्ट बसलेलं नाही किंवा त्याच्या बैठकीवर वाळलेला रंग आहे. आधी नीडल बाहेर काढा, मगच नॉझल खोला. उलट केलंत तर नॉझलच्या तोंडाला ओरखडे पडतात. बुडबुडे नसतील तर नीडलचं पॅकिंग (तिच्याभोवतीची गळती अडवणारी सील) सुकलंय का, कप वरच्या बाजूला असेल तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का, हे बघा. पॅकिंगवर तेलाचा एक थेंब पुरतो, पण तेल सिलिकॉन नसलेलंच हवं. सिलिकॉनचा अंश रंगात गेला की पृष्ठभागावर खळगे पडतात आणि ते वरून कितीही हात मारले तरी झाकले जात नाहीत.

धुण्याची वेळ म्हणजे शेवटचा हात संपल्यावर लगेच, चहा त्यानंतर. टू-के रंग, म्हणजे हार्डनर (रंग कडक करणारा दुसरा घटक) मिसळून वापरायचा रंग, नुसता वाळत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होतो, आणि मग थिनरला दाद देत नाही. कप रिकामा करून थोडा थिनर घाला, हलवा, फवारून टाका, स्वच्छ येईपर्यंत. मग हवेचा पाइप काढून कॅप, नीडल, नॉझल वेगळं करून पुसा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते, ती मोडा: पॅकिंग खराब होतं आणि रंगाळ थिनर हवेच्या वाटेत शिरतो. मेथिलिन क्लोराइड असलेला पेंट रिमूव्हर तर अॅल्युमिनियमच्या गनजवळ आणूच नका.

सेटिंगबद्दल थोडक्यात. टॉप कोटला (सर्वांत वरच्या थराला) साधारण 1.3 ते 1.4 मिमी नॉझल, जाड प्रायमरला (खालच्या थराला) 1.7 ते 2 मिमी. प्रेशर गनच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठेवा, पण मोजा ट्रिगर दाबलेला असताना. ट्रिगर न दाबता काटा जास्त दाखवतो. हात मारताना मनगट वळवू नका, अख्खा हात पृष्ठभागाला समांतर न्या आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा.

कॉम्प्रेसरमधून गरम हवा निघते आणि ती थंड होताना पाणी सुटतं. म्हणून वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) कॉम्प्रेसरला चिकटून न लावता पाइपच्या गनकडच्या टोकाजवळ लावा आणि टाकीतलं पाणी रोज काढा.

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क ते अडवत नाही. बाहेरून ताज्या हवेचा पुरवठा असलेला मास्क नसेल तर तो रंग मारू नका, तोवर बिनहार्डनरचा रंग वापरा आणि त्यालाही सॉल्व्हंटच्या वाफेचं काडतूस असलेला मास्क लावा.