टेबल कोणाचे आणि पैसा कोणाचा?

पूल आणि स्नूकरच्या टेबलावर लागणाऱ्या पैशांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. शहरातल्या एका परमिट रूममध्ये पूलचे टेबल आहे. सुरुवातीला ‘हरेल तो टेबलाचे भाडे भरेल’ एवढेच होते. नंतर डावाला दोनशे रुपये लागू लागले. तिथे नेहमी येणारे एक गृहस्थ माझ्याशी दोन-तीन डाव हरले आणि मग ‘डबल करू’ म्हणाले. आज माझ्याकडे त्यांचे अठरा हजार रुपये निघतात. मधल्या काळात त्यांच्याच एका मित्राने मला व्याजाने पैसे दिले, तेही फेडायचे आहेत. मी फसवला गेलो की खरोखरच खेळात कमी पडलो? आणि हे पैसे देणे मला बंधनकारक आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि पैजेत जिंकल्याचे सांगून कोणालाही त्या रकमेसाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. त्याच कलमाची दुसरी बाजू अशी, की आपण जे पैसे आधीच हातावर ठेवले ते परत मागण्यासाठीही न्यायालयाचा उपयोग नाही. तेव्हा राहिलेली रक्कम ‘हळूहळू देतो’ असे म्हणून आणखी एक हप्ता देण्यापूर्वी थांबावे. त्या मित्राने व्याजाने दिलेल्या पैशांचे प्रकरण मात्र वेगळे आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे, आणि हा मित्र टेबलाशेजारी बसून हरलेल्या प्रत्येकाला असेच पैसे पुरवत असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते. वसुलीसाठी धमकी दिली गेली, घरी किंवा कारखान्याच्या दारात माणसे आली, तर तो विषय थेट पोलीस ठाण्याचा आहे.

आता पहिला प्रश्न. आपल्याला फसवण्यासाठी त्या गृहस्थांनी कोणतीही लबाडी केली असण्याची गरज नाही, आणि म्हणूनच हा प्रकार इतका टिकून आहे. अमेरिकेतल्या बारमध्ये, जिथे टेबलाच्या कडेवर नाणे ठेवून पुढच्या डावासाठी नंबर लावतात आणि जिंकणारा टेबलावर कायम राहतो, तिथे आपला खरा दर्जा लपवून पैसे लावणाऱ्या खेळाडूंची मोठी परंपरा आहे. त्यांची रीत आपल्याकडेही जशीच्या तशी चालते. असा खेळाडू हरतो, पण कसा हरतो ते पाहावे. नवशिका चुकतो तेव्हा त्याचा पांढरा बॉल, म्हणजे ज्यावर काठीने फटका मारतात तो, कुठेही भटकतो. मुरलेला खेळाडू मुद्दाम चुकतो तेव्हा त्याचा बॉल पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या खळग्याच्या, तोंडाशी थरथरून बाहेर राहतो आणि पांढरा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटून, नेमका आपल्याला अवघड जाईल अशा जागी थांबतो. प्रेक्षकांचे डोळे पॉकेटकडे असतात, त्यामुळे हे कोणाच्या लक्षात येत नाही. पूलमध्ये बॉल पॉकेटमध्ये घालणे हे अर्धेच काम आहे. तो घातल्यावर पांढरा बॉल पुढच्या बॉलसाठी सोयीच्या ठिकाणी उभा करता येतो की नाही, यावरून खेळाडूची पायरी कळते. शिवाय टेबलावर वाकताना त्याचा डावा हात कापडावर कसा बसतो आणि प्रत्येक फटक्याआधी तो क्यूच्या, म्हणजे काठीच्या, टोकाला खडू लावतो की नाही, हेही पाहावे. हात आणि सवय लपवणे चुकीचा फटका मारण्यापेक्षा कठीण असते.

तरीही आपली खरी हानी फटक्यांत झाली असे मला वाटत नाही. ‘डबल’ या एका शब्दात ती झाली. दोनशेचे चारशे, चारशेचे आठशे, मग सोळाशे आणि बत्तीसशे. म्हणजे सलग पाच डाव हरणाऱ्याच्या नावावर बत्तीसशे रुपये लागतात आणि त्याला प्रत्येक वेळी असेच वाटत असते की या एका डावात सगळे फिटेल. समोरच्याला मात्र या पाचांपैकी कोणताही डाव जिंकण्याची घाई नसते, कारण रक्कम केव्हा वाढवायची आणि केव्हा ‘आज पुरे’ म्हणायचे हे तोच ठरवत असतो. समजा, तो आपल्यापेक्षा थोडासाच सरस आहे, इतका की दहापैकी सहा डाव तो जिंकेल आणि चार आपण. एका डावात ही बरोबरीची लढत भासते. पण ‘सात डाव आधी जिंकेल तो’ अशी बाजी लावली, तर शंभर बाजींपैकी सुमारे सत्याहत्तर बाजी त्याच्याकडे जातात. जितके जास्त खेळावे तितका सरस माणूस निश्चिंत होत जातो. बारमध्ये बॉल कोणत्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगण्याचा नियम बहुधा पाळत नाहीत आणि नशिबाने पडलेला बॉलही धरतात. यामुळे कच्च्या खेळाडूला अधूनमधून एखादा डाव मिळत राहतो आणि तो टेबल सोडत नाही. नशिबाचा हा वाटा हरणाऱ्याच्या सोयीचा वाटतो, प्रत्यक्षात त्याचा उपयोग जिंकणाऱ्यालाच होतो.

यात दारूचा भाग आहेच. आपल्या पत्रात ते गृहस्थ काय पीत होते याचा उल्लेख नाही. पुढे कधी त्या ठिकाणी गेलातच, तर क्यू हातात न घेता एक संध्याकाळ केवळ त्यांचा ग्लास खरोखर रिकामा होतो का, याकडे लक्ष ठेवावे. आणि पैसे लावल्याशिवाय खेळणे अळणी वाटू लागले असेल, झोप किंवा पगार यांवर त्याचा परिणाम होत असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, त्यासाठी कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही.

प्रश्न : परभणीत माझे पूल आणि स्नूकरचे लहानसे पार्लर आहे; दारूचा संबंध नाही. मुले आपसांत पैसे लावतात. पूल हा कौशल्याचा खेळ असल्यामुळे त्याला जुगाराचा कायदा लागू होत नाही, असे एका ग्राहकाने ठामपणे सांगितले. ते खरे आहे का? दिवाळीनंतर प्रवेश शुल्क घेऊन स्पर्धाही भरवायची आहे.

उत्तर : आपल्या ग्राहकाने अर्धा कायदा वाचला आहे. ‘कलम ४ आणि ५ प्रमाणे गुन्हा दाखल’ अशा बातम्या ज्या कायद्याखाली येतात, त्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातच कलम १३ आहे, आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू होणार नाही असे ते सांगते. पूल कौशल्याचा खेळ आहे याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ बॉल न चुकता पॉकेटमध्ये घातले होते. इतके नशीब कोणाचेही नसते.

परंतु त्याच कायद्यात जुगाराच्या व्याख्येत पैज लावणेही येते, हे त्या ग्राहकाने सांगितलेले दिसत नाही. त्यातही मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा निकाल आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या कायद्यावरच झालेला आहे. सिकंदराबादच्या एका क्लबात पैसे लावून रमी खेळली जात होती आणि खटला हैदराबादच्या १३०५ फसलीच्या, म्हणजे साधारण १८९५-९६ च्या जुगार कायद्याखाली होता. (निजामाच्या काळातली जमिनीची कागदपत्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांना फसली सन वेगळा समजावून सांगायला नको.) सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, क्लबाने आकारलेले बसण्याचे शुल्क आक्षेपार्ह मानले नाही, पण त्याच निकालात हेही स्पष्ट केले की पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. तेव्हा तासाचे ठरलेले भाडे घ्यावे, त्याची पावती द्यावी आणि बाजीतून ‘नाल’, म्हणजे जागेच्या मालकाचा वाटा, एक रुपयाचीही काढू नये. मार्करलाही, म्हणजे गुण मांडणाऱ्या नोकरालाही, बक्षिशी म्हणून बाजीतला वाटा घेऊ देऊ नये, कारण छापा पडला तर तो वाटा आपलाच समजला जाईल. भिंतीवर ‘पैसे लावण्यास मनाई’ अशी पाटी असावी, आणि पाटीखाली बसून पैसे मोजणाऱ्यास उठवण्याची तयारीही असावी.

स्पर्धेच्या बाबतीत कुस्तीचे एक जुने प्रकरण उपयोगी पडेल. पुण्यात दोन पैलवानांनी करार केला होता की जो फडावर येणार नाही त्याने पाचशे रुपये द्यावेत आणि जिंकणाऱ्यास तिकिटांच्या उत्पन्नातून ठरलेली रक्कम मिळावी. एक पैलवान आलाच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हा करार पैजेचा नसल्याचे ठरवले, कारण बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्या पैशातून येणार होती, हरणाऱ्याच्या खिशातून नव्हे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत पैलवानाला इनाम मिळते, ते त्याने समोरच्या पैलवानाकडून काढून घेतलेले नसते, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून बक्षिसाची रक्कम गावातल्या दुकानदारांकडून किंवा आपल्या स्वतःकडून आधीच जाहीर करावी, प्रवेश शुल्क टेबल आणि व्यवस्थेच्या खर्चापुरते ठेवावे, आणि किती खेळाडू आले यावर बक्षीस अवलंबून ठेवू नये. करमणुकीच्या जागेचा पोलीस परवाना चालू आहे ना, हे स्पर्धेची पत्रके छापण्याआधी पाहून घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा लातूरला ‘नीट’च्या शिकवणीसाठी राहतो. तो स्नूकर पार्लरमध्ये जातो हे खोलीमालकाकडून कळले. त्याचे तिकडे जाणे सक्तीने बंद करावे का? आमच्या घरात हा खेळ वाया गेलेल्यांचा समजतात.

उत्तर : घरातला हा समज बदलावा अशी माझी विनंती आहे. स्नूकर हा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये स्नूकरच्याच कुळातल्या बिलियर्ड्‌सचे हौशी जगज्जेते झाले आणि वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे मायकेल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी अशी रांगच लागली. ज्या खेळात भारताने इतके जगज्जेते दिले, तो खेळ मुलाला आवडला म्हणून आपल्याला मान खाली घालण्याचे कारण नाही.

त्याला विचारायचे ते एवढेच, की टेबलाचे भाडे कोण भरते. दोघे निम्मे-निम्मे भरत असतील तर ती करमणूक आहे आणि तिच्यासाठी आठवड्याचे काही तास ठरवून देता येतात. ‘हरेल तो भरेल’ असे असेल, तर त्याला मी लगेच जुगार म्हणणार नाही, कारण हा रिवाज जवळजवळ प्रत्येक पार्लरमध्ये आहे. पण वरचे वाळूजचे पत्र याच रिवाजापासून सुरू झाले होते, हे आपण पाहिलेच. सक्तीने बंद केले तर तो पार्लर बदलेल आणि नवे पार्लर कदाचित परमिट रूमच्या वरच्या मजल्यावर असेल. बिअरसाठीसुद्धा महाराष्ट्रात वयाची अट एकवीस वर्षांची आहे आणि शिकवणीला असलेली बहुतेक मुले त्याहून लहान असतात. तेव्हा जागेविषयी ठाम राहावे, खेळाविषयी नव्हे. शक्य असल्यास लातूरला गेल्यावर एकदा त्याच्याबरोबर त्या पार्लरमध्ये जाऊन बसावे. मालक आपल्याला चहा विचारतो की आपल्याला पाहून मुलांच्या हालचाली बदलतात, यावरून बरेच कळेल.

प्रश्न : बारमध्ये जाण्यापेक्षा मोबाइलवर पूल खेळून पैसे जिंकणे सुरक्षित, असे माझे दीर म्हणतात. हे योग्य आहे का? (नांदेड)

उत्तर : नाही. पैसे भरून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे आणि तिथे कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद ठेवलेला नाही. शिक्षेची तरतूद खेळ पुरवणाऱ्यांसाठी आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यांसाठी नाही. मात्र बंदीनंतरही चालू राहिलेल्या ॲपवर पैसे अडकले, तर ते कोणाकडे मागायचे हा प्रश्न उरतोच. बारमध्ये निदान समोरचा माणूस आणि त्याचा पांढरा बॉल दिसतो. मोबाइलच्या पडद्यामागे माणूस आहे की यंत्र, हेही कळायला मार्ग नसतो. आपल्या दिरांच्या खात्यात अशा एखाद्या ॲपवर रक्कम शिल्लक असेल, तर ती आधी बँकेत काढून घ्यायला सांगावे आणि त्या ॲपला यूपीआयवरून दिलेली आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी रद्द झाली आहे का, हे तपासून घ्यावे.