इंग्रजीत एम.ए. की सिनेमाचा कोर्स?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.ए. इंग्रजी घेऊन झालंय, बारामतीहून पुण्याला यायचंय, ओढा सिनेमाकडे आणि एकूणच संस्कृतीच्या अभ्यासाकडे आहे. मग इंग्रजीत एम.ए. करावं की फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यावी? आणि शाळा मराठी माध्यमाची असल्याने थिअरी, म्हणजे साहित्य-सिनेमा वाचण्याचे सिद्धांत, झेपेल का? मी बरीच वर्षं पुण्यात हाच विषय शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट मुख्यतः सिनेमा बनवायला शिकवते: दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, पटकथा. तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं, तुम्हाला सिनेमा काढायचा नाहीये, तो समजून घ्यायचा आहे आणि त्यावर लिहायचं आहे. तसं असेल तर इंग्रजीत एम.ए.च करा. संस्कृतीचा अभ्यास म्हणून आज जे शिकवलं जातं त्याचा एक मोठा प्रवाह इंग्रजी साहित्याच्या लोकांनीच सुरू केला. 1964 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रिचर्ड हॉगर्ट यांनी त्यासाठी केंद्र काढलं. पुढे स्टुअर्ट हॉल यांनी ते चालवलं. दोघंही मुळात साहित्याचे विद्यार्थी. कविता ज्या बारकाईने वाचतो त्याच बारकाईने स्वस्तातली मासिकं, गाणी, जाहिराती का वाचू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता. सिनेमा त्याच वाटेने वर्गात आला.

आता पुण्याबद्दल, कारण इथे राहून तुम्हाला जे मिळेल ते फार थोड्या शहरांत मिळतं. एकच उदाहरण देते. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिचा स्टुडिओ जिथे होता तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. याच स्टुडिओत 1937 साली दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ हा चित्रपट केला, नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा, आणि ते लग्न मनापासून नाकारणारं तिचं वागणं. या चित्रपटात नीरा झालेल्या शांता आपटे चक्क एक इंग्रजी कविता गातात, लाँगफेलो या अमेरिकन कवीची 1838 सालची ‘अ साम ऑफ लाइफ’. मुक्या, हाकल्या जाणाऱ्या गुरांसारखे राहू नका, झुंजीत वीरासारखे उभे राहा, अशी हाक त्या कवितेत आहे.

यात किती प्रश्न आहेत बघा. ही कविता पुण्यातल्या मराठी चित्रपटात कुठून आली? शाळेच्या पुस्तकातून? ज्या मुलीला खरोखरच गुरासारखं दुसऱ्याच्या दावणीला बांधलंय तिने ती गायली की कवितेचा अर्थ तोच राहतो का? कादंबरीतून पडद्यावर येताना काय गळलं, काय वाढलं? त्याच कथेची हिंदी आवृत्तीही प्रभातने केली. ती आणि मराठी शेजारी ठेवली तर कुठे फरक पडतो? शिवाय या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. आवाज येतो तो दृश्यातल्याच वस्तूंचा, आणि भिंतीवरचं घड्याळ तर म्हाताऱ्या नवऱ्याबद्दल शब्दांपेक्षा जास्त बोलतं. एका प्रबंधाला पुरेल इतकं हे साहित्य आहे. त्यात इंग्रजी कविता, मराठी कादंबरी, स्त्रीप्रश्न आणि सिनेमाची भाषा हे सगळं एकत्र येतं. लंडनच्या प्राध्यापकाला हे तुमच्याइतक्या सहज वाचता येणार नाही, कारण त्याला नारायण हरी आपटे मूळ मराठीतून वाचता येत नाहीत.

म्हणूनच मराठी माध्यमाची भीती मला पटत नाही. थिअरीचं इंग्रजी जड असतं हे खरं, पण ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही जडच जातं. माझा आग्रह एवढाच की थिअरी आधी आणि कृती नंतर असं करू नका. ‘कुंकू’तलं पाच मिनिटांचं एक दृश्य घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. चौकटीत कोण कुठे उभं आहे, कॅमेरा कोणाच्या जवळ जातो, कट कधी पडतो, हे वहीत उतरवा. मग नुसता आवाज ऐका. मग दोन्ही एकत्र. अशी दोन-तीन दृश्यं झाली की थिअरीतली संज्ञा कशासाठी लागते ते आपोआप कळतं. गाइड वाचून थिअरी पाठ करणारी मुलं परीक्षेत तरतात आणि प्रबंधाच्या वेळी अडतात. हे दर वर्षी पाहते आणि दर वर्षी वाईट वाटतं.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून पुण्यातच आहे. तिथलं ग्रंथालय, जुनी पोस्टर्स, पुस्तिका यांचा उपयोग एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून करा, त्यासाठी पीएच.डी.पर्यंत थांबू नका. संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांनी मिळून वर्षानुवर्षं चालवलेला चित्रपट रसग्रहणाचा कोर्स जमेल तेव्हा जरूर करा. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाबद्दल वेगळं सांगायला नको. आणि पुढे निखळ चित्रपट-अभ्यासच करावासा वाटला तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. एम.ए. इंग्रजी झाल्यावर त्या दिशेने जाणारे बरेच आहेत.

नोकरीचं स्पष्टच सांगते. सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 50) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास हवी. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात संस्कृती-अभ्यासाचा वेगळा घटक आहे, सिनेमाचा नाही, त्यामुळे नाटक-कविता-कादंबरीचा पाया पक्का लागतोच. पीएच.डी.आधीची एम.फिल. ही पदवी आता बंद झालीय, आणि 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. पण नेट झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. अनेक हुशार मुलंमुली तासिका तत्त्वावर वर्षं काढतात, आणि या व्यवस्थेचा मला राग आहे. म्हणून भाषांतर आणि सबटायटल्स लिहिणं यांपैकी काहीतरी पहिल्या वर्षापासून हाताला लावून घ्या. दोन भाषा नीट येणाऱ्या माणसाला तिथे खरी मागणी असते, आणि अभ्यासातही त्याचा थेट उपयोग होतो.

प्रवेश सुरू व्हायला अजून वेळ आहे. तोवर आपट्यांची कादंबरी मिळवून वाचा, ‘कुंकू’ पाहा, आणि त्या इंग्रजी गाण्याच्या दृश्यावर मराठीतच दोन पानं लिहा. लिहून झाली की याच धाग्यावर टाका, मी वाचून सविस्तर कळवेन.