मुलाला ऑटिझम आणि ऑस्ट्रेलियाचा पीआर: आधी सबक्लास ठरवा, मग अर्ज

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं आयटीत, व्हिसासाठी मोजले जाणारे गुण चांगले, १९० या सबक्लासचं (व्हिसाच्या प्रकाराचं), म्हणजे राज्याच्या शिफारशीवर मिळणाऱ्या पीआरचं (कायमच्या निवासाचं), निमंत्रण येईल अशी आशा. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम, लेव्हल २ (म्हणजे बरीच मदत लागणारा). एजंट म्हणतोय, "मेडिकलचं नंतर बघू." आणि तुम्ही विचारताय की रिपोर्ट दाखवलाच नाही तर? मुलाला सध्या आजीआजोबांकडे ठेवलं तर? किंवा सगळा खर्च आम्ही करू असं लिहून दिलं तर?

तिन्ही वाटा बंद आहेत. तरी निराश होऊ नका, कारण एक वेगळी वाट उघडी आहे. आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे आणि आम्ही त्याच वाटेने आलो. त्यानंतर इथल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या फायली जवळून पाहिल्या आहेत.

आधी नियम. कुटुंबातला एक जण जरी आरोग्याच्या अटीत नापास झाला तरी सगळ्यांचा व्हिसा नाकारला जातो. स्थलांतर खात्याचा वैद्यकीय अधिकारी तुमच्या मुलावर सरकारचा किती खर्च होईल याचा अंदाज काढतो: आरोग्यसेवा, अपंगांसाठीच्या सेवा, भत्ते. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर मूल नापास. हा अंदाज साधारण ५ वर्षांचा असतो. अवस्था कायमची असेल आणि पुढचं चित्र सांगता येण्यासारखं असेल तर तो जास्तीत जास्त १० वर्षांचा धरतात. २०१९ पर्यंत अशा वेळी पूर्ण आयुष्याचा खर्च धरत असत, म्हणून जुन्या चर्चा वाचून घाबरू नका. मर्यादाही वाढली आहे: २०१९ मध्ये ४९,००० डॉलर, नंतर ५१,०००, आणि जुलै २०२४ पासून ८६,०००. आकडा मोठा वाटतो, पण १० वर्षांत वाटला तर वर्षाला ८,६०० डॉलरच होतात. लेव्हल २ च्या मुलासाठी ही मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता मी गंभीरपणे धरेन.

आता खर्च स्वतः करण्याबद्दल. नियमातच लिहिलं आहे की ती सेवा प्रत्यक्षात वापरली जाईल की नाही हे बघायचं नाही. ज्या सेवेला तो पात्र ठरेल तिची किंमत धरली जाते. त्यामुळे खाजगी विमा, बँकेतली शिल्लक, हमीपत्र यांचा या टप्प्यावर काही उपयोग नाही.

मुलाला मागे ठेवण्याचंही तसंच. १८९ (राज्याच्या शिफारशीशिवायचा तसाच पीआर) आणि १९० मध्ये सोबत न येणाऱ्या अवलंबून मुलांचीही तपासणी मागतात. आणि रिपोर्ट लपवणं तर कृपा करून डोक्यातून काढा. चुकीची माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर ४०२० कलमाखाली अर्ज फेटाळला जातो आणि ३ वर्षं बहुतेक व्हिसा बंद होतात, तेही पूर्ण कुटुंबासाठी. मुलगा शाळेत जायला लागला की थेरपिस्ट, शिक्षक, डॉक्टर सगळीकडे त्याच्या नोंदी होणारच. त्याला लागणारी मदत मागायलाच तुम्ही घाबराल, आणि त्यात नुकसान त्याचंच आहे.

आता उघडी वाट. आरोग्याची अट दोन प्रकारची असते: ४००५ आणि ४००७. ४००५ मध्ये नापास म्हणजे नापास. ४००७ मध्ये सूट मागता येते, इथे सगळे तिला वेव्हर म्हणतात. १८९ आणि १९० चे नेहमीचे अर्ज ४००५ खाली येतात. ४८२ (कंपनीने स्पॉन्सर केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा), पार्टनर व्हिसा, आणि ४८२ वर काम करून पुढे कंपनीमार्फत मिळणारा पीआर, म्हणजे १८६ (टेम्पररी रेसिडेन्स ट्रान्झिशन स्ट्रीम), हे ४००७ खाली. १८६ च्याच डायरेक्ट एंट्री स्ट्रीमला (आधी ४८२ वर काम न करता थेट अर्ज) मात्र ४००५ लागू होतं, तिथे गल्लत करू नका. म्हणूनच "नंतर बघू" मला इतकं खटकलं. तुमच्या बाबतीत कुठला सबक्लास निवडता यावरच सगळं अवलंबून आहे, आणि फी भरून झाल्यावर तो बदलता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर १९० सोडून स्पॉन्सर करणारी कंपनी शोधली असती. वेळ जास्त लागतो आणि नोकरी बदलायचं स्वातंत्र्य कमी होतं, तरीही.

एक सावधगिरी. ४८२ सहज मिळाला म्हणून पीआरही तसाच मिळेल असं समजू नका. तात्पुरत्या व्हिसाला तेवढ्याच मुक्कामाचा खर्च मोजतात, पीआरला मोजमाप लांबतं आणि एनडीआयएससारख्या (अपंगांना मदत देणारी सरकारी योजना) सेवाही त्यात येतात. बरीच कुटुंबं इथे घर मांडून, मुलाला शाळेत रुळवून मग अडकतात.

आता रिपोर्ट. अधिकारी "ऑटिझमचा मुलगा" असा ढोबळ विचार करू शकत नाही. २००५ च्या रॉबिन्सन खटल्यात फेडरल कोर्टाने सांगितलं की अर्जदाराला त्या अवस्थेचा जो प्रकार आणि जितकी तीव्रता आहे, तितकीच असलेली व्यक्ती गृहीत धरायची. त्या खटल्यातल्या मुलाला सौम्य डाऊन सिंड्रोम होता. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा निदानाचा कागद पुरेसा नाही. डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनचा ताजा रिपोर्ट घ्या: तो काय बोलतो, स्वतःचं स्वतः काय करतो, थेरपीने किती फरक पडला, वर्गात वेगळा मदतनीस लागतो का. खरं तेच, पण तपशिलात. अधिकाऱ्याचं मत विरोधात गेलं तर खातं पत्र पाठवून म्हणणं मांडायला साधारण २८ दिवस देतं. तेव्हा अपॉइंटमेंट शोधत बसलात तर उशीर होतो.

वेव्हरच्या फायलीत कुटुंबाची बाजू पहिल्यांदा ऐकली जाते. तुमचं काम, कंपनीचं पत्र, इथले नातेवाईक, भाऊबहिणींची शाळा, घरी कोण किती काळजी घेतं, कुठला खर्च तुम्ही उचलता. आधी निरुपयोगी ठरलेले कागद इथे कामाला येतात. आम्ही पहिल्या दिवसापासून एक फोल्डर ठेवला होता, तुम्हीही ठेवा.

या नियमाचा मला राग येतो, आजही. १९९२ च्या अपंगत्व भेदभावविरोधी कायद्यातच, कलम ५२ ने, स्थलांतराचा कायदा वगळलेला आहे. २००८ मध्ये हॉर्शम या गावात काम करणाऱ्या जर्मन डॉक्टरच्या कुटुंबाला मुलाच्या डाऊन सिंड्रोममुळे पीआर नाकारला. गाव पाठीशी उभं राहिलं, शेवटी मंत्र्यांनी हस्तक्षेप केला. मंत्र्यांकडे जायचा मार्ग आजही आहे, पण साधारणपणे ट्रिब्युनलमध्ये (नकाराविरुद्धची अपिलं ऐकणारी संस्था) हरल्यानंतरच, आणि दखल घ्यायला ते बांधील नाहीत. त्यावर बेत आखू नका.

तुमच्या एजंटला आजच दोन प्रश्न विचारा: माझ्या सबक्लासला ४००५ लागू आहे की ४००७, आणि तुम्ही स्वतः किती हेल्थ वेव्हर हाताळलेत? उत्तर गोलमोल आलं तर दुसरा बघा. त्याचं नाव ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन एजंटांच्या सरकारी नोंदवहीत आहे का, किंवा तो तिथला वकील आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. मुलाच्या रिपोर्टमधलं काही समजत नसेल तर नाव-पत्ता झाकून इथे लिहा, मी वाचेन.